पाहत राहा

सुईताईंचं खरं नाव लॅबच्या हजेरीत होतं, पण हाक मारायला ते कुणी वापरत नसे. एकोणिसाव्या वर्षी त्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागल्या आणि पुढची बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सकाळी सहाला निघायचं, घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त काढायचं, नळ्या बर्फाच्या पेटीत उभ्या लावायच्या आणि दहाच्या आत लॅबला पोचवायच्या. हात असा हलका की सुई कधी गेली नि कधी निघाली ते कळायचं नाही. म्हातारी माणसं तर त्यांच्यावर हक्कच सांगत. एक निवृत्त न्यायाधीश दुसरं कुणी आलं तर दार उघडत नसत. "सुईताईंना पाठवा, नाहीतर मी ठणठणीत आहे असं लिहून टाका," असं ते लॅबला फोनवर सांगत.

लग्न जमता जमता दोनदा फिसकटलं आणि मग तो विषयच मागे पडला. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात बायकामुलांत रमलेला, दर रविवारी फोन करायचा. घरात त्या आणि आई. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं तिने लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली. कुणाच्या आवाजाला उत्तर द्यायचं नाही, हे तिला जमलंच नाही कधी. सिनेमा बघतानाही पडद्यावरच्या माणसाने "ऐकतेस का?" म्हटलं की ही इकडून "हं" म्हणायची.

आईचं विसरणं चष्म्यापासून सुरू झालं, गॅसपर्यंत गेलं आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लेकीपर्यंत पोचलं. दिवसा सांभाळायला दोन बाया ठेवून पाहिल्या. पहिलीला आईने चोर ठरवलं. दुसरी आईला खोलीत कोंडून जिन्यात गप्पा मारत बसते, हे शेजारणीने सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव काढलं तर भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील?" लोकांपैकी एक तोच होता, पण येऊन राहायची त्याची तयारी नव्हती.

मग सुईताई आईला गाडीतून बरोबर न्यायला लागल्या. आधी मागच्या सीटवर बसवलं. दुसऱ्याच दिवशी आईने बर्फाची पेटी उघडून सगळ्या नळ्या रंगांप्रमाणे लावल्या, लाल झाकणाच्या एकीकडे, जांभळ्या एकीकडे, आणि मोठ्या समाधानाने हात पुसले. कुणाची नळी कोणती हे जुळवताना सुईताईंना घाम फुटला. त्यानंतर आईची जागा पुढे, त्यांच्या शेजारी. मागच्या दारांना मुलांसाठी असतं तसं कुलूप होतं, पुढच्याला नव्हतं. पण आई गप्प बसून असायची. उतरण्याचं तिच्या मनातही येत नसे.

लॅबने त्या वर्षी गाड्या बदलल्या. नव्या गाडीत पुढे ताटाएवढा पडदा होता. गाडी चालत असली की त्यावर रस्त्याचा नकाशा दिसायचा, आणि थांबली की नकाशा कोपऱ्यात जाऊन जाहिरात लागायची. सिग्नलला जाहिरात, फाटकापाशी जाहिरात, कुणाच्या दारात गाडी लावली तरी जाहिरात. पहिल्या आठवड्यातच सुईताई गाड्यांचं बघणाऱ्या साहेबांकडे गेल्या.

"ते बंद नाही का करता येत? डोकं उठतं हो."

"करारातच आहे, ताई. त्याच अटीवर गाड्या मिळाल्या. तुम्ही लक्ष देऊ नका."

सुईताईंनी लक्ष दिलं नाही. आईने दिलं.

कानाच्या यंत्राची एक जाहिरात होती. पिकल्या केसांची एक हसरी बाई समोर यायची आणि विचारायची, "माझा आवाज ऐकू येतोय ना तुम्हाला?"

आई एकदम ताठ बसली. "येतोय. अगदी स्पष्ट येतोय. बोला."

सुईताईंचा पाय ब्रेकवर तसाच राहिला. चार महिने झाले, आईने स्वतःहून एक सबंध वाक्य उच्चारलं नव्हतं. मागून हॉर्न वाजले तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

त्या दिवसापासून आईला मैत्रीण मिळाली. प्रत्येक सिग्नलला ती वाट बघायची. बाई आली की तब्येत विचारायची, "लाइन धरून ठेवा हं," असं बजावायची. सुईताईंना हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. आपण एवढं बोलतो तर आपल्याला उत्तर नाही, आणि कंपनीच्या बाईला बोला म्हणते.

पण सोय झाली, हे खरं. उभ्या गाडीत तीन जाहिराती झाल्या की पडदा काळा व्हायचा, आणि त्याबरोबर एसीही बंद. त्याआधी कोपऱ्यात एक बटण उमटायचं, ‘पाहत राहा’. ते दाबलं की अर्धा तास निर्धास्त. सुईताई गाडी सावलीत लावायच्या, एसी चालू ठेवायच्या, बटण दाबायच्या आणि पेटी उचलून जिना चढायच्या. दहा मिनिटांनी खाली यावं तर आई जागच्या जागी, हसत काहीतरी सांगत असायची. एखाद्या दिवशी त्या मुद्दाम दोन मिनिटं जास्त वर रेंगाळायच्या. रोग्याच्या बायकोने चहा विचारला तर नाही म्हणत नसत. कित्येक महिन्यांनी कुणाच्या तरी घरात निवांत टेकून गरम चहा पोटात जायचा. या सुखाबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

जवळजवळ तीन महिने असं चाललं.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या. सातवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एक दांडगा, चाळिशीचा माणूस, पण सुई बघताच पांढरा पडला आणि खुर्चीतून घसरला. सुईताईंनी त्याला जमिनीवर आडवं केलं, पाय उशीवर उचलून ठेवले, नाडी धरून बसल्या. त्याची बायको रडत होती. तिला समजावलं, तो उठून बसेपर्यंत थांबल्या, दुसऱ्या हातातून रक्त काढलं. खाली आल्या तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

गाडीचं पुढचं दार सताड उघडं होतं. थंड वारा सगळा बाहेर चालला होता. पडद्यावर भिंतींच्या रंगाची जाहिरात चालू होती. सीट रिकामी.

फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला. "त्या आजी? त्या तर गेल्या, ताई. मी विचारलं, कुठे निघालात. म्हणाल्या, लेक गेटपाशी उभी आहे, मला उशीर झाला. मला वाटलं, तुम्हीच बाहेर कुठे उभ्या आहात."

"कुठल्या बाजूला?"

वॉचमनने आधी उजवीकडे हात केला, मग डावीकडे. त्याच वेळी दुधाची गाडी आत येत होती, त्याने नीट पाहिलं नव्हतं.

सुईताई उजवीकडे धावल्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या, डावीकडे धावल्या. चार रस्ते फुटत होते. हाक मारावी तर काय म्हणून मारावी? ‘आई’ म्हटल्यावर ती वळली असती का? तिच्या लेखी तिची लेक लहान होती. पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, फोटो पाठवा, अंगावर काय होतं सांगा. त्यांनी सगळं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की साडीचा रंग चुकीचा सांगितला. परत फोन केला.

लेक गेटपाशी उभी आहे, हे तिला कुणी सांगितलं? त्या गाडीत येऊन बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. जाहिरात पुढे ढकलता येत नव्हती. रंगाची सगळी बघावी लागली, मग विम्याची, मग ती कानाच्या यंत्राची बाई हसत आली. स्टिअरिंगवर बोटं आवळून सुईताई बघत राहिल्या. मिनिटागणिक आई लांब चालली होती. मग पडद्यावर शाळेचं गेट आलं, आणि सहा-सात वर्षांच्या मुलीचा आवाज.

"आई, शाळा सुटली. मी गेटपाशी उभी आहे. तू येतेस ना?"

मुलांच्या मनगटी घड्याळाची जाहिरात होती. मूल कुठे आहे ते आईला फोनवर कळतं म्हणे.

सुईताईंना आपली दुसरीतली संध्याकाळ आठवली. एक्स्चेंजमध्ये पुढच्या पाळीची बाई आलीच नाही, आणि आईला जागा सोडता येईना. शाळेच्या दारात अंधार पडेपर्यंत एक मुलगी दप्तर पोटाशी धरून उभी होती. मुलगी पुढे ते विसरून गेली. आई मात्र आल्यागेल्याला वर्षानुवर्षं सांगायची, "माझी पोर एकटी उभी होती हो."

आसपास तीन शाळा होत्या, आणि मधल्या गल्ल्या, बाजार, बसथांबे पालथे घालण्यात तास उलटत होते. पहिलीच्या दाराला साखळी. दुसरीत उन्हाळी शिबिर चालू होतं, तिथे कुणी पाहिलं नव्हतं. लॅबमधून फोन येत होते, नमुने कुठे आहेत म्हणून. त्या उचलत नव्हत्या. बर्फ वितळून गेला असेल, सात घरांतल्या अकरा माणसांचं रक्त वाया चाललंय, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना देवाचं नाव घेणं जमत नसे, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर त्या मोठ्याने म्हणत होत्या, "एवढ्या वेळी. फक्त एवढ्या वेळी."

तिसऱ्या शाळेच्या अलीकडे एक सायकल दुरुस्त करणारा बसला होता. तो म्हणाला, "एक आजी आल्या होत्या. शाळा कधी सुटते विचारत होत्या. मी म्हटलं, सुट्टी आहे, बंद आहे. तर म्हणाल्या, मग आज सुटायला वेळ लागेल."

आई शाळेच्या मागच्या दाराशी होती. बसली नव्हती, उभी होती. लोखंडी गज दोन्ही हातांनी धरून आत बघत होती. एक वाजला होता. पायांत चपला नव्हत्या, आणि खाली डांबर तापून मऊ झालं होतं.

"आई, चल. चल घरी."

आईने वळून परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "थांबा हो. मुलगी अजून बाहेर आली नाही."

"आई, अगं मीच. बघ ना माझ्याकडे."

"तुम्ही बाजूला व्हा. तिला मी दिसायला हवी."

सुईताईंनी हात धरला, तर आईने झिडकारला. एवढ्या जोराने की गजावर तिचाच हात आपटला. तिचे ओठ सुकून फुटले होते. ओढून न्यावी तर ती किंचाळेल. इथेच उभी राहू द्यावी तर उन्हात कोसळेल. सुईताईंनी डोळे पुसले, पदर नीट केला, आणि आवाज बदलला.

"मी शाळेतली बाई आहे. तुमची मुलगी मघाशीच गेली."

"गेली? कुणाबरोबर?"

"तिची आई आली होती. घेऊन गेली."

आई बराच वेळ गजांतून आत बघत राहिली. मग हात सोडून म्हणाली, "मग बरं झालं." आणि तिथेच त्यांच्या अंगावर कलंडली.

तळव्यांना मोठाले फोड आले होते. साखरेचा आजार जुना. सुईताईंना पहिल्याच दिवशी कळलं की हे भरून यायचं नाही. जखमा चिघळल्या, डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, आणि आई पुन्हा चालली नाही.

भाऊ आला. आल्या आल्या म्हणाला, "कंपनीवर केस करायची, ताई. सोडायचं नाही." सुईताईंनीही चार पानी तक्रार लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा इतकं कडक लिहिलं. उत्तर पंधरा दिवसांनी लॅबच्या पत्त्यावर आलं, फार सभ्य भाषेत. घडल्या प्रकाराबद्दल खेद होता. पुढे लिहिलं होतं, की उभ्या गाडीत पडदा आपोआप बंद होतो. तो चालू ठेवण्याची निवड या गाडीच्या चालकाने गेल्या त्र्याऐंशी दिवसांत चारशे सहा वेळा केली आहे. खाली तारखा आणि वेळा होत्या. त्या दिवशी सातव्या घरापाशी दाबल्याचीही होती, आठ वाजून एक्कावन्न मिनिटं.

गाड्यांचं बघणाऱ्या साहेबांनी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "एसीसाठी दाबत होतात ना?"

"नाही," सुईताई म्हणाल्या. "आईसाठी. आणि माझ्यासाठी."

साहेबांनी पत्राची प्रत फायलीत लावली. वाया गेलेल्या नमुन्यांवरून मात्र वरच्यांनी सुईताईंना घरोघरच्या फेरीवरून काढलं आणि आत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. न्यायाधीशांनी दोनदा फोन करून चौकशी केली, मग दुसऱ्या मुलीला दार उघडायला लागले.

भावाला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "केस नको."

"का? घाबरलीस का?"

"हो."

"तुझ्याकडून हीच अपेक्षा होती," तो म्हणाला. पत्राबद्दल त्यांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याने आपल्याला भित्री समजावं, हेच त्यांना सोपं वाटलं.

आईला अखेर संस्थेतच ठेवलं. या वेळी लोकांचं कुणी नाव काढलं नाही. तिथे ती दीड वर्ष जगली. सुईताई कामावरून सुटल्यावर रोज जाऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायच्या. आई कधी त्यांना नर्स समजायची, कधी शेजारच्या पलंगावरच्या बाईची पाहुणी. बहुतेक वेळा काहीच समजायची नाही. एकदा मात्र तिने त्यांचा चेहरा बराच वेळ निरखला.

"तुमची आई आहे का हो?"

"आहे."

"मग इथे काय करता? घरी जा. तिला काळजी लागली असेल."

"जाते," सुईताई म्हणाल्या, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.