दुप्पट घागर

घाटंजीजवळच्या आमच्या गावात जयंतीला विहारासमोरची रांगोळी माझ्या सासूबाईंचीच असते. त्यामुळे नळाचं दुखणं रांगोळीतून मांडायचं ठरलं, तेव्हा रांगोळीचा डबा आपोआप त्यांच्या हातात गेला. आमच्या वरच्या गल्लीत घागर भरायला खालच्या गल्लीच्या दुप्पट वेळ लागतो. मोठा पाइप टाकून द्या, एवढीच मागणी. पाणीपुरवठ्याचे साहेब दुपारी बघायला येणार होते.

सासूबाईंनी दोन घागरी काढल्या. खालच्या गल्लीची छोटी, आमची मोठी; जेवढी मोठी घागर, तेवढा भरायला जास्त वेळ. गल्लीतल्या बायका खूश. मी शाळेत गणित शिकवते, मला काही ती मोठी घागर बघवेना. रांगोळी वाढवायची म्हणजे ठिपके आडवे-उभे दोन्हीकडे वाढवायचे, ही सासूबाईंच्या हाताची सवय. घागर दुप्पट उंच झाली, तशी दुप्पट रुंदही झाली. बघणारा नुसती उंची बघत नाही, त्याच्या डोळ्यांत सगळी घागर भरते.

"आई, ही पुसावी लागते," मी म्हटलं.

"काहून? दुप्पट म्हटलं, दुप्पट काढली."

"ठिपके मोजा बरं."

त्या रागातच खाली बसल्या. मोजले. छोटीतले ठिपके मोठीत चार वेळा बसत होते.

शेजारीण म्हणाली, "राहू द्या ना वं मावशी. मोठी दिसली त आपलंच काम होते."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. सासूबाई मात्र तळहातानं घागर पुसू लागल्या. सकाळपासूनची मेहनत होती ती. त्या जागी त्यांनी छोटीएवढ्याच दोन घागरी शेजारी शेजारी काढल्या.

साहेब आले, वाकून बघितलं आणि हसले. "एवढाच फरक? जरा मोठं काढायचं ना."

"मोठी काढलती साहेब, मंग पुसली," सासूबाई म्हणाल्या. "हाये तेवढंच दाखवलं. तुमी भरून पाहा."

साहेबांनी खरंच मोबाइलवर वेळ मोजली. आधी खालच्या गल्लीत, मग आमच्याकडे. मग ते परत आले आणि रांगोळीवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून उभे राहिले.

"बरोबर दुप्पट," ते म्हणाले. "मोठ्या पाइपचं आजच वर कळवतो."

आता आलेख शिकवताना मी पुस्तक नंतर उघडते. आधी फळ्यावर त्या घागरी काढते, आणि त्या माझ्या सासूबाईंच्या हातच्या, हे मुलांनी विचारायच्या आधीच सांगून टाकते.