जन्मदाखल्यावरची आई

व्हिसाचे कागद तपासून देणाऱ्या मुलीने माझी फाइल शेवटपर्यंत उलटली, परत मागे आली आणि म्हणाली, "मॅडम, या दाखल्यावरची आई तुम्ही नाही."

गंगापूर रोडवर दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, सोमवार सकाळ. माझ्या फाइलला कोणी बोट लावेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. अपुरे कागद घेऊन आलेल्या कितीतरी आयांना मी खिडकीतूनच परत पाठवलं. "कागद पूर्ण करून या," एवढं बोलून मी खाली बघायचे, म्हणजे त्यांना पुढे बोलायची सोय उरत नसे. आता ती विशीतली मुलगी खाली बघत होती आणि मी बोलत होते.

"अहो, तेही नाव माझंच आहे. माहेरचं."

"तुमच्या पासपोर्टवर दुसरं आहे. मुलीच्या पासपोर्टवरही आईचं नाव तेच, दुसरं. फक्त नात्याच्या पुराव्याला जोडलेल्या तिच्या जन्मदाखल्यावर हे. दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात."

माझी लेक तिकडे, सातासमुद्रापलीकडे, दवाखान्यात पडून होती. सातवा महिना चालू, रक्तदाब चढलेला, उठायला बंदी. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं, तेव्हा मी इथून फोनवर "धीर धर" म्हणत बसले होते. इतका कुचकामी शब्द दुसरा नसेल. या वेळी तिने स्वतःहून म्हटलं, "आई, तू हवीस." आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तिला माहेरी आणता येत नव्हतं, तर माहेरच उचलून तिकडे न्यायचं, असं मी ठरवलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख चार आठवड्यांनंतरची दिली होती. मुंबईची अपॉइंटमेंट त्याच गुरुवारी होती आणि व्हिसाला लागणार बारा-पंधरा दिवस. सगळं बरोबर बसत होतं.

"प्रतिज्ञापत्र जोडून बघू," ती मुलगी म्हणाली, "पण मागे असंच एक परत आलंय. एकदा नकार बसला की पुढचं अवघड होतं. दाखलाच दुरुस्त करून आणा ना. कागद पूर्ण असले की टेन्शन नाही."

माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं.

हे दुसरं नाव आलं कुठून, ते सांगते. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात एक नाव लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ते होऊन बसले. कोणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ते आवडलंही होतं. नवं पातळ मिळावं तसं नवं नाव मिळालं. रेशनकार्ड, नोकरी, बँक, पासपोर्ट, सगळीकडे तेच लागलं. जुनं नाव घोटीजवळच्या आमच्या गावात राहिलं. लेक तिथेच जन्मली. वडील ग्रामपंचायतीत नोंद करायला गेले. त्यांना बाळाच्या आईचं नाव विचारलं, तेव्हा ते मला ज्या नावाने हाक मारत तेच त्यांनी सांगितलं. दुसरं त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही.

पण चूक वडिलांची नव्हती, आणि हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. लेकीला शाळेत घालताना मी तो दाखला नीट वाचला होता. दुसऱ्याच्या कागदातली चूक हातभर अंतरावरून ओळखणारी बाई मी, मला ती दिसली नाही असं कसं होईल? दुरुस्तीचा अर्जही लिहिला होता. मग तो फाडला. आख्ख्या जगात तेवढ्या एका कागदावर मी अजून मी होते. राहू दे तेवढं, म्हटलं. लेकीच्या लग्नात तांदळाचं ताट मी मांडवात येऊ दिलं नाही, पण स्वतःपुरतं धाडस एवढंच, चोरून ठेवलेलं.

मंगळवारी सकाळी पहिल्या एसटीने घोटी, तिथून भावाच्या मोटारसायकलवर गाव. ग्रामसेवकाकडे दोन गावं. आमच्याकडे तो मंगळवार आणि शुक्रवारीच बसतो. माणूस भला होता. जुनं रजिस्टर काढून त्याने पान उघडलं. निळ्या शाईत माझं नाव होतं, समोर वडिलांची वाकडी सही.

"ताई, असं तोंडी नाय जमत," तो म्हणाला. "दोन्ही नावं एकाच बाईची हायत, याचं प्रतिज्ञापत्र लागंल. लग्नपत्रिका असली तर आणा. आन् तुम्हाला वळखणारी दोन माणसं."

"आजच करून आणते."

"आज मला चारला निघायचंय. शुक्रवारी या, हातोहात करून देतो."

"शुक्रवारी? गुरुवारी मला मुंबई आहे! माझी पोरगी तिकडे—" भावाने माझा दंड धरला. ग्रामसेवक खाली बघत होता. त्या नजरेची मला चांगली ओळख होती.

इगतपुरीला धावलो. नोटरी जेवायला गेलेले. ते आले तेव्हा स्टॅम्पपेपर संपला होता. तो कुठून तरी मिळाला, शिक्के बसले, तोवर साडेचार वाजले. गावात परतलो तर ग्रामपंचायतीला कुलूप. मी त्या पायरीवर बसून रडले, आजूबाजूला माणसं असताना, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. बुधवारी ग्रामसेवकाला तीनदा फोन केला. तो तालुक्याला मीटिंगमध्ये होता. त्या संध्याकाळी गुरुवारची अपॉइंटमेंट रद्द केली. पुढची मिळाली ती बारा दिवसांनंतरची. नशीब चांगलं असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोहोचेन, असा हिशेब आता निघत होता.

"आई, काही अडलंय का?" लेकीने फोनवर विचारलं.

"छे, एक कागद राहिलाय," मी म्हटलं.

शुक्रवारी भावाने आईच्या ट्रंकेतून माझी लग्नपत्रिका शोधून आणली. साक्षीदार एक तो स्वतः. दुसरी शेजारची म्हातारी, जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं. तिला आता धड दिसत नाही. ग्रामसेवकाने विचारलं, "आजी, ह्या कोण?" म्हातारीने माझा चेहरा हाताने चाचपला आणि माझं नाव घेतलं. ते जुनं. आई-वडील गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. भावाला मी ताईच.

"ही तीच हाय," म्हातारी म्हणाली. "दुसरं नाव आमाला नाय ठावं."

"आजी, दुसरंच तर लिवायचंय," ग्रामसेवक म्हणाला आणि अर्जासाठी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

असे अर्ज मी दुसऱ्यांना शेकड्याने सांगितलेत. 'सदर नाव कमी करून त्याऐवजी'पर्यंत हात सरळ गेला आणि थांबला. वडिलांची वाकडी सही समोर होती.

"ताई, लिही ना," भाऊ हळूच म्हणाला. "पोरगी खोळंबलीय तिकडं."

मी लिहिलं. खाली सासरच्या नावाने सही केली. नवा दाखला हातात पडला, स्वच्छ, बिनचूक. मला तो बघवेना.

मुंबईची अपॉइंटमेंट पार पडली. पासपोर्ट तिथेच जमा झाला. घरी दारापाशी बॅग भरून ठेवली: हळीव, डिंक, बाळंतशोपा, माझ्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी. रोज सकाळी मी मोबाईलवर व्हिसाच्या अर्जाचा नंबर टाकायचे आणि रोज तेच उत्तर यायचं, अर्ज विचाराधीन आहे.

ठरल्या तारखेच्या आठवडाभर आधी लेकीचा रक्तदाब इतका चढला, की डॉक्टर थांबले नाहीत. जावयाचा फोन दुपारी आला. मुलगी झाली. फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण श्वास घेतेय. लेक शुद्धीवर आहे. गुरुवारी मुंबईला गेले असते, तर एव्हाना मी तिच्या उशाशी असते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बोलली. आवाज ओळखू येईना. भूल उतरताना ती म्हणे सारखी दाराकडे बघत होती. मग मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. दाखला, तेव्हाचा फाडलेला अर्ज, तिच्या शाळाप्रवेशाच्या वेळीच मला ते ठाऊक होतं, हेही.

पलीकडे कसलंतरी यंत्र टुकटुक करत होतं.

"मग आता तरी कशाला खोडलंस?" तिने विचारलं. "राहू द्यायचं होतंस."

"राहू दिलं असतं तर तुझ्याकडे कशी आले असते, बाळा?"

"आता तरी कुठे आलीयस?" ती म्हणाली.

बॅग दारापाशी तशीच होती आणि पासपोर्ट अजून मुंबईतच होता.