दीडशे ग्रॅमचं पातेलं

आमच्या घरातलं सगळ्यात लहान पातेलं झाकणासकट सहाशे ऐंशी ग्रॅम भरलं आणि मी हबकलेच. त्या काट्यावर मी आजवर रवा मोजला होता, फार तर केकसाठी मैदा. भांडी कोण मोजतं? शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीने आकडा वाचला आणि गृहपाठ न केलेल्या पोरींकडे मी शाळेत बघायची, तसं माझ्याकडे बघितलं.

"आई, हे एकटंच सातशे. तुझी अख्खी बॅग सात किलोत बसवायचीय."

मी तीस वर्षं नारायणगुड्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. तीस वर्षं फळ्यावर खडूने हिमालय काढला, डावीकडून उजवीकडे, एका दमात. प्रत्यक्षात मात्र विंध्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. कधी पेपर तपासणी, कधी सासूबाईंचं आजारपण, कधी मुलीचा दिलसुखनगरचा कोचिंग क्लास. निवृत्त झाले आणि कळलं की मुलगी सहा दिवस हिमालयात पायी जाणार आहे. हमाल नाही, खेचर नाही. आपला तंबू आपण लावायचा, आपलं अन्न आपण शिजवायचं. मी म्हटलं, मी येते. ती हसली. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा ती हसायची थांबली.

मग तिने अटी घातल्या. रोज सकाळी पाच किलोमीटर चालायचं. पाठीवरचं ओझं सात किलोच्या आत. डोंगरात हाक मारली की ताबडतोब ओ द्यायची, कारण धुकं उतरलं की दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही आणि "तू कायम आपल्याच तंद्रीत असतेस". शेवटची अट म्हणजे परीक्षाच होती. आधी जवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांवर एक मुक्काम करायचा, तिथे मी आणलेल्या भांड्यात मी दोघींचं जेवण रांधायचं. जमलं तर माझं तिकीट, नाही तर मी घरी आणि ती एकटी. "किचन डिपार्टमेंट तुझं," ती म्हणाली. मी मनातल्या मनात हसले. स्वयंपाकात मी नापास होणार?

तर त्या सकाळी मी फडताळातली झाडून सगळी भांडी ओट्यावर मांडली. एखादं तरी हलकं निघेल अशी आशा होती. एकेक काट्यावर ठेवत गेले आणि ठेवता ठेवता वाचत गेले.

आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, काहीही असो, दुकानातच काठाजवळ छिन्नीने टिंबं टिंबं ठोकून नाव, तारीख, कोणाकडून, सगळं घालून घ्यायचं. तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं घर, शिक्क्याशिवाय काही पुढे सरकत नाही. पिठाच्या डब्यावर सासऱ्यांचं नाव. परातीवर सासूबाईंचं. कुकरवर नवऱ्याचं, चांदीच्या वाटीवर मुलीचं. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या ताटवाट्यांवर माझं, म्हणजे सासरचं. लग्नात नाव बदलायची आमच्यात रीत होती. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने त्यात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढा खाल्ला. ज्या नावाला मी बावीस वर्षं ओ देत होते, ते दोन अक्षरी नाव त्या दिवशी संपलं.

ओट्यावर चाळीसएक भांडी होती. माझं पहिलं नाव एकावरही नव्हतं. छत्तीस वर्षं मी ही भांडी घासली, पुसली, पालथी घातली, आणि हे माझ्या लक्षात आलं ते वजन करताना. मला धक्का बसला. रडू वगैरे आलं नाही, राग आला, आणि तो काढायचा कोणावर ते कळेना. तेवढ्यात बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, चहा होणार आहे का?" घरात मी 'अगं' होते, 'आई' होते. शाळेत 'मॅडम' होते. सासरच्या नावावाचूनसुद्धा तसं कोणाचं काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिलसुखनगरला गेले. गिर्यारोहणाचं सामान विकणारं एक दुकान मुलीने सांगून ठेवलं होतं. दुकानदाराने आधी टायटॅनियमचं भांडं हातात दिलं. दिसायला फुलपात्राच्या थोरल्या भावासारखं, वजन म्हणाल तर हातात काही आहे असंच वाटेना. किंमत ऐकली आणि मी ते दोन्ही हातांनी, जपून, काचेवर परत ठेवलं. त्या पैशांत माझ्या आईने अख्खं रुखवत मांडलं असतं.

"इस में चावल पकता?" मी विचारलं.

"नहीं अम्मा. इस में खाली पानी उबालना. चावल डाले तो नीचे एकीच जगह जल जाता," तो म्हणाला. "पहाड़ पे लोगां पाकीट खाते. गरम पानी डाले, हो गया."

हा दुसरा धक्का. माणसं एवढा हिमालय चढून जातात आणि वर बसून पाकिटात गरम पाणी ओतून खातात! मी तिथल्या तिथे त्याचा तास घेतला. उंचावर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही, डाळ शिजता शिजत नाही. म्हणजे झाकण घट्ट हवं, बूड पसरट हवं आणि आच सगळीकडे सारखी पोचली पाहिजे. स्टील टिकतं, पण जड. राहिलं ॲल्युमिनियम. त्याने काळपट, कडक मुलामा दिलेलं एक पातेलं काढलं. एक लिटरचं, मुठी दुमडून अंगाला चिकटणाऱ्या, आणि पोटात गॅसचा छोटा डबा आणि त्यावर फिरवून बसवायची मुठीएवढी चूल, दोन्ही मावतील असं. झाकणासकट दीडशे ग्रॅम. मी खूश झाले. ताटली, डाव, किटली, कप, तो दाखवत गेला आणि मी नको म्हणत गेले. दोन चमचे तेवढे घेतले. ज्यात खिचडी त्यातच चहा, आणि दोघींनी एकाच पातेल्यातून खायचं. सासूबाई असत्या तर या उष्ट्याखरकट्याच्या कल्पनेनेच त्यांनी अंथरूण धरलं असतं.

इथवर मी सगळं शहाण्यासारखं केलं होतं. तिथून सरळ घरी यायचं, तर मी कोठीची बस पकडली.

कोठीत भांड्यांच्या एका दुकानाबाहेर नावं घालणारा एक म्हातारा बसतो. मी पातेलं त्याच्या हातात दिलं. त्याने ते बोटाने टिचकी मारून बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इस पे? कागज के सरीखा है अम्मा. छिन्नी पार हो गई तो मेरेकू नक्को बोलो."

"हल्का हाथ रखो," मी म्हटलं. "नाम के बगैर बर्तन घर में नहीं लेते हम लोग."

"किसका नाम?"

मी पर्समधला कागद काढून त्यावर दोन अक्षरं लिहिली. किती वर्षांनी लिहिली कोण जाणे. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने कागद उलटसुलट फिरवला आणि चित्र काढावं तशी अक्षरं उतरवायला घेतली. काठाशी मुठी आडव्या येत होत्या, म्हणून नाव खाली बुडाजवळ गेलं. काळ्या अंगावर पांढरी टिंबं उमटली. फार सुरेख दिसत होतं. तेव्हाच पाणी भरून बघायला हवं होतं. पण मी ते रुमालात गुंडाळून पिशवीत घातलं आणि कोणाला दाखवलं नाही.

अनंतगिरीला आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. माझी बॅग सहा किलो आठशे. मुलीने दोनदा वजन केलं, तिचा विश्वास बसेना. मीही ताठ मानेने चालत होते. चार वाजता ती तंबू लावायला लागली आणि मी एका सपाट दगडाच्या आडोशाला चूल मांडली. पाणी ठेवलं. तांदूळ आणि मुगाची डाळ सकाळपासून पाण्यात भिजत होती. मी स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन बसले, तर चूल चुर्र करून विझली.

पुन्हा पेटवली. पुन्हा चुर्र. तिसऱ्यांदा ज्योत पिवळी झाली, फडफडली आणि गेली. झाकण काढून बघते तर पाणी निम्मं. घरून आणलेलं पाणी मोजकं होतं आणि परीक्षा माझी होती.

मुलगी आली. तिने पातेलं उचलून उन्हाकडे धरलं. दुसऱ्या अक्षराच्या कान्याच्या टोकाला एक थेंब जमला, मोठा झाला आणि पडला. तिचं लक्ष थेंबावरून नावावर गेलं. ती इंग्रजी शाळेत शिकली, दुसरी भाषा तेलुगू. मराठी बोलते झकास, पण वाचते ती ओढ्यातल्या दगडांवरून चालल्यासारखी. तिने दोन अक्षरं जुळवली, मोठ्याने वाचली.

"आई, त्याने तुला फसवलं. दुसऱ्या कोणाचं तरी जुनं भांडं दिलं. नाव आहे बघ यावर. कोण आहे ही?"

मी गारच पडले. सत्तावीस वर्षांची माझी मुलगी. माझ्या गोळ्यांची नावं तिला पाठ, माझ्या फोनचा पासवर्ड तिला माहीत, माझ्या चपलेचं माप माहीत. आणि माझं नाव तिला माहीत नव्हतं. तिला बोल कसा लावू? मी तरी कधी सांगितलं होतं? मी स्वतःच ते असं नीट पुरून टाकलं होतं की घरात कोणाला ठेचसुद्धा लागू नये.

"ती मी आहे," मी म्हटलं.

मग सांगितलं. अंगठी, तांदूळ, पेढे, सगळं.

"आणि तू बदलू दिलंस?"

"तेव्हा कोणी विचारत नसे. आणि तू विचारते आहेस ती गॅस चालू ठेवून. आधी तो बंद कर."

तिने मुकाट्याने गॅस बंद केला. मी नाव घालायला गेले आणि भोक पाडून आणलं, हेही सांगून टाकलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, संपलं. हिमालय फळ्यावरच राहणार.

पण भूक लागली होती, आणि भुकेल्या पोरीला उपाशी ठेवणं मला जमत नाही. माझी आई गळक्या पातेल्याला पीठ लावायची, ते आठवलं. भिजलेले थोडे तांदूळ मी दगडावर चमच्याने चेचले, त्यांचा चिकट गोळा केला आणि आतून त्या भोकावर दाबून थापला. अगदी मंद आचेवर, आधी घोटभर पाण्यात, तो आळून घट्ट होईपर्यंत श्वास रोखून बसले. मग हळूहळू डाळ-तांदूळ, मीठ, हळद, उरलेलं पाणी. गळालं नाही. सहाच्या सुमारास खिचडी झाली. तेवढ्या एका जागी जरा लागली होती. दोघींनी एकाच पातेल्यात दोन चमचे घालून खाल्ली. पास की नापास, ती बोलली नाही, आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

सकाळी तिच्या आधी उठून मी कड्याजवळच्या एका खडकावर जाऊन बसले. खाली दरीत धुकं भरलं होतं. मागून कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. मला वाटलं, आणखी कोणी मुक्कामाला आलं असेल. पुन्हा हाक आली. मी मनात म्हटलं, अगं बाई, जी कोणी असशील ती, ओ दे की.

तिसऱ्या हाकेला माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मुलीच्या जन्माआधीच माझी आई गेली, तेव्हापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. मी वळले. मुलगी तंबूजवळ उभी होती, दोन्ही हात तोंडाशी धरून. पोटच्या पोरीने आईला नावाने हाक मारायची! आणि मला नवल वाटलं ते याचं, की मी ते नाव पैसे देऊन ठोकून घेतलं, आणि कोणी हाक मारली तर मलाच कळलं नाही.

"ओ," मी म्हटलं.

"तीन हाका लागल्या," ती जवळ येत म्हणाली. "डोंगरात हे चालणार नाही. निघायला तीन आठवडे आहेत, सवय करून घे."

ती तंबू सोडायला गेली. मी पातेलं घासायला घेतलं. सगळं लख्ख घासलं, नावाजवळ घट्ट बसलेला भात तेवढा खरवडला नाही.