मावसाजींचा स्पेनशी व्यवहार

जगात कुठंही कायदा झाला आणि तो आमच्या मावसाजींना कळला नाही, तर त्यांना घरच्या लग्नाचं बोलावणं चुकल्यासारखं वाटायचं. भंडाऱ्यात वकिलांच्या खोलीमागं कायद्याचं ग्रंथालय होतं, तिथले ग्रंथपाल, शिपाई आणि पंखा दुरुस्त करणारे सगळे तेच. मी नवी वकील, त्यात ते माझ्या मावशीचे यजमान, म्हणून त्यांच्या तावडीत आयतीच सापडले. साधं भाडेकरूचं प्रकरण घेऊन जावं, तर आधी जपानातला भाडेकरू काय करतो ते ऐकावं लागे. देशोदेशींच्या ग्रंथालयांना ते पत्रं टाकत, तिकडून जाडजूड लिफाफे येत, आणि फुकट घ्यायचं नाही म्हणून मावसाजी आपल्याकडचे कायदे उलट पाठवत. मावशी करवादायची, "माह्या माहेरी दोन ओळी नाही लिहिल्या या माणसानं, अन् नार्वेले पानं भरभरून!"

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा पुस्तकांची वाटणी करायची टूम निघाली. मावसाजी कपाटापुढं आडवेच झाले. "कायदा काहून वाटता? नकला करा, दोघाईजवळ पुरा राहीन!" मग स्वतःच नकलांची गाठोडी घेऊन एसटीनं गोंदियाला जात राहिले. शेजारच्या सीटवरच्या माणसाचं काही खरं नसे. साकोली येईस्तोवर त्या बिचाऱ्याला स्वित्झर्लंडच्या गायरानाचे नियम तोंडपाठ झालेले असत.

एका आश्विनात आसगावचा एक शेतकरी माझ्याकडं आला. थोरल्या भावाचं शेत वर, याचं खाली, मध्ये वडिलांनी खोदवलेली बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं. बांधावरून भांडण झालं आणि थोरल्यानं बोडीचं पाणी अडवलं. धान निसवायला आलेलं. चार-सहा दिवसांत पाणी नाही मिळालं तर लोंब्या पोचट, वर्षाचं खाणं गेलं. आणि कोर्टाची तारीख दिवाळीनंतरची! मी हात टेकले आणि त्याला ग्रंथालयात नेलं.

मावसाजींचे डोळे लकाकले. "स्पेनातल्या एका शहरात दर गुरुवारी चर्चच्या दारात शेतकरीच बसतात अन् पाण्याचा न्याय करतात. वकील नाही, कागद नाही. आयकलं की तिथंच निकाल."

"मंग मले काय त्याचं?" धाकटा रडकुंडीला आला.

"उद्या गुरुवारच आहे ना गा!"

दुसऱ्या दिवशी बोडीच्या पाळीवर, मातीच्या काठावर, गावातले पाच शेतकरी जमले. थोरला आला तोच गुरगुरत. "स्पेनचा कायदा माह्या बोडीले कायले?"

"लागू नाही गा. पण आयकाले काय जाते?" मावसाजी म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांत म्हाताऱ्या बुवाला तिथली रीत समजावली. तिकडं मुख्य पंच ज्यानं बोलायचं त्याच्याकडं पायानं खूण करतो. बुवा हादरलाच. "पायानं? मानसाकडं?" पण मावसाजींपुढं कोणाचं चाललंय! त्यानं कसाबसा पाय उगारला, तोल गेला आणि पाय लागला तो नेमका थोरल्याला. जन्माची सवय. बुवानं झटकन वाकून थोरल्याला हात लावला आणि नमस्कार केला. एवढा म्हातारा आपल्या पाया पडला म्हणून थोरला इंगळी डसल्यासारखा उठला आणि बुवाच्या पायावर पडला. अख्खी पाळ हसली. धाकटा हसला, आणि थोरल्यालाही हसू आवरेना.

हसता हसताच धाकटा म्हणाला, "दादा, हे बोडी बाबानं आपल्या दोघाकून खोदवली होती नं."

थोरल्यानं फावडं उचललं आणि अडवलेलं तोंड स्वतःच मोकळं केलं. माझं प्रकरण पाण्याबरोबर वाहून गेलं, आणि मी मात्र वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते.

"स्पेनले कळवतो," मावसाजींनी जाहीर केलं, "का आसगावातही पाण्याचं कोर्ट बसते म्हणून."

आणि खरंच कळवलं. पुढं दर हंगामात पाळीवर गुरुवार भरू लागला, दोघे भाऊ निकालाचा निरोप धाडत आणि मावसाजी स्पेनला लिहीत. एकदा उत्तर आलं, स्पॅनिशमध्ये. एक अक्षर कळत नसताना मावसाजींनी ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

गेल्या वर्षी मावसाजी गेले. पुण्यानुमोदनाला दोघे भाऊ एकाच गाडीवर आले, मागच्या रांगेत बसले. निघताना थोरला दाराशी घुटमळला.

"बाई, या गुरुवारी बसलो होतो. निकालही झाला." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "आता स्पेनले कोन कळवन?"

"मी कळवते," म्हटलं, आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.