इलास्टिकवरची सात बटणं

आता मी विरारला राहतो आणि माझ्या जुन्या घरमालकीण बाई नाशिकला लेकीकडे असतात. पण रविवारी सकाळी कुठे ओल्या केळीच्या पानांचा वास आला, की मी अजून त्यांच्या गिरीज गावातच असतो.

तिथल्या त्यांच्या केळीच्या वाडीत मागच्या बाजूच्या खोलीत मी पाच वर्षं राहिलो. कामणच्या एका गाळ्यात लहान मुलांच्या चड्ड्या शिवायचो. गाव सांगोल्याकडचं, शाळा सातवीपर्यंत. बाई विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मला 'अहो' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. दर रविवारी त्यांच्या मागच्या ओट्यावर आजूबाजूची पोरं शिकायला जमायची. मी खोलीचं दार लोटून आतून ऐकायचो, कुणाला कळू नये म्हणून.

कळलंच. एका शनिवारी बाईंनी विचारलं, "विश्व प्रसरण पावतंय म्हणजे काय हो?"

"दीर्घिका एकमेकींपासून लांब पळतायत." दाराआडून ऐकलेलं.

"कशातून पळतायत?"

"मोकळ्या जागेतून."

"इथेच सगळे चुकतात. जागाच ताणली जातेय. त्या पळत नाहीत, मधलं अंतर वाढतंय."

मला हसू आलं. हे तर माझं रोजचं काम. चड्डीच्या कमरेचं कापड मोठं असतं, इलास्टिक आखूड. दोन्हींवर चार-चार खुणा करायच्या, खुणेला खूण जुळवायची आणि इलास्टिक ताणत शिलाई मारायची. खूण आपली जागा सोडत नाही, तरी दोन खुणा लांब जातात. मी हे सांगितलं आणि बाई खुर्चीतून उठल्याच.

"उद्या हे तुम्ही शिकवायचं."

"नको बाई. सातवीत फळ्यासमोर उभं केलं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही, वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलोच नाही." थोरल्या बहिणीने, अक्काने, त्यापायी महिनाभर अबोला धरला होता, ते मात्र सांगितलं नाही.

"उद्याही हसतील," बाई म्हणाल्या. "चड्डीचं इलास्टिक म्हटल्यावर कोण हसणार नाही?"

खडूच्या खुणा ताणल्यावर पसरट होत होत्या, म्हणून मी इलास्टिकच्या पट्टीवर बोटभर अंतराने सात बटणं टाचली. बाई खूश झाल्या. दीर्घिका स्वतः ताणली जात नाही म्हणे, तिच्यातले तारे एकमेकांना धरून असतात. बटणही तसंच, ताणलं जात नाही.

रविवारी पोरं हसली. सवयीने मी पट्टीचं एक टोक ओट्याच्या खांबाला बांधलं आणि दुसरं ओढलं. "खांबाजवळचं बटण आपली आकाशगंगा. पट्टी दुप्पट झाली. शेजारचं बटण बोटभर लांब गेलं, शेवटचं सहा बोटं. तेवढ्याच वेळात. म्हणजे जी दीर्घिका जितकी लांब, तितक्या वेगाने ती दूर जाताना दिसते." गाडी चालली होती.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "काका, सगळे आपल्यापासूनच का लांब जातात? आपण असं काय केलंय?"

वर्ग पुन्हा हसला आणि मी थिजलो. तोच फळा, तीच सातवी. बाईंकडे पाहिलं, तर त्या शांतपणे केळं सोलत होत्या. मी खाली बघितलं. समोर खांबाची गाठ होती. मशीनवरही एक टोक असंच सुईजवळच्या लोखंडी पायाखाली दाबलेलं असतं. मी जन्मभर त्या दाबलेल्या टोकाकडूनच बघत आलो होतो.

गाठ सोडली. ते टोक मुलीच्या हातात दिलं. "आता दोघांनी ओढायचं. तू मधल्या बटणावर बसलीयेस असं समज. कोण लांब जातंय?"

"दोन्हीकडचे."

"पाचव्यावर बस."

"तिथूनही सगळेच! काका, ज्याला विचारावं तो म्हणणार, बाकीचे चाललेत."

"मग मध्य कुठे?"

ती पट्टीकडे बघत राहिली. "कुठेच नाही?"

बाईंनी मान डोलावली. पण मागून एक जण ओरडला, "इलास्टिकला टोक आहे. विश्वाला आहे का?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. फळ्यासमोर हे एवढं वाक्य चालतं, हे सातवीत कुणी सांगितलं असतं तर!

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि अर्धं केळं माझ्यापुढे केलं.

दुपारी गावाहून अक्काचा फोन आला. "सकाळपास्नं लावतीया. कुटं हुतास?"

"शाळेत."

"ह्या वयात?"

"शिकवायला गेलो होतो, अक्का."



"पोरं हसली का रं?"

"हसली."

"मग?"

"मग पुढचं शिकवलं."