स्वीटीचे केस आणि तालमीची माती

शांतपणे घडणारी एकही गोष्ट आमच्या समोरच्या वस्तादांना मान्य नव्हती. दूध उतू जाणं, वीज जाणं, कुंडीतल्या मिरचीला पहिलं फूल येणं, या सगळ्या त्यांच्या लेखी कुस्त्या होत्या, आणि त्यांतली एकही बरोबरीत सुटत नसे. गल्लीच्या तोंडाशी गॅसची गाडी दिसली की ते दारातूनच मैदानातल्या निवेदकासारखे सुरू होत: आली, वळली, अडली, निघाली. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीमागे जुनी तालीम आहे, तिचे ते वस्ताद, आणि आम्हा मुलांचे काका. लढून लढून कान वाळल्या जर्दाळूसारखे झालेले, मान खांद्यात कुठे शिरते ते सापडत नसे, आणि आवाज असा, की त्यांनी घरात काकींकडे मीठ मागितलं तर आमच्या घरातलं कुणीतरी उठायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉलेजात जाणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी आणि विचारल्यावरही मानेनेच उत्तर देणारी मुलगी. काकांचा मात्र माझ्याबद्दल ठाम समज होता. “जे बोलत न्हाय त्याला सगळं ठाऊक असतंय,” असं ते माझ्या वडिलांना सांगत, आणि त्यामुळे त्यांच्या सगळ्या अडचणी रस्ता ओलांडून आमच्या उंबऱ्यावर येत.

त्यांच्या मांजराचं नाव स्वीटी. हे नाव त्यांच्या मुलीने, शुभाने ठेवलेलं. तिचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. सासरच्या फ्लॅटमध्ये मांजराला जागा नव्हती. निघताना शुभा आईच्या गळ्यात पडून रडली, मग मांजराला पोटाशी धरून त्याहून जास्त रडली, आणि “पप्पा, हिला सांभाळा” म्हणून तिने ते पांढरं-करडं गाठोडं काकांच्या हातात दिलं. काकांनी ते वस्तादाने नवा पठ्ठा घ्यावा तसं घेतलं. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर उभा राहून हा पहाडासारखा माणूस “स्वीटीऽऽ” अशी हाक मारायचा, तेव्हा गल्लीत नवीन आलेले पाहुणे दचकायचे. तालमीतल्या पोरांपैकी कुणी हसलंच तर त्याच्या बैठका वाढायच्या. सकाळी ते तिला कापडी पिशवीत घालून, पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवून दूध कट्ट्यावर न्यायचे, कारण म्हैस समोर पिळून घेतलेलं धारोष्ण दूधच खरं, पिशवीतलं दूध म्हणजे चुना, हे मत त्यांनी मांजरालाही लागू केलं होतं. पिशवीतून फक्त तिची मुंडी बाहेर. गवळी विचारायचा, “आज पावणीला किती?”

अशा थाटात वाढलेल्या स्वीटीच्या पाठीवर, शेपटीच्या थोडं वर, एके दिवशी केसच नव्हते. काकांनी ही बातमी गल्लीला ज्या आवाजात दिली त्याने आम्हाला वाटलं, कुणीतरी गेलं. आठवड्याभरात पोटावरही तसाच गुलाबी, गुळगुळीत तुकडा दिसायला लागला. काकी तेव्हा शुभाच्या बाळंतपणाच्या तयारीत होत्या. पहिलं बाळंतपण म्हणून शुभा माहेरी यायची होती, आणि खोली धुऊन, पाळणा उतरवून झालेला होता. त्यांनी मांजराकडे लांबूनच पाहिलं आणि हा नायटा आहे असं सांगून टाकलं. “लेकरू येणाऱ्या घरात नायट्याचं मांजर चालायचं न्हाय. शुभा यायच्या आत केस आलं तर ऱ्हाईल. न्हाय आलं तर कागलला, माझ्या भावाच्या मळ्यात.” काकी कधीच आवाज चढवत नसत. त्या घरात शेवटचा शब्द हळू आवाजातलाच असे, हे काकांसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी मला राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत नेण्यात आलं. तेव्हा इंटरनेट ही तासावर भाड्याने मिळणारी चीज होती, आणि लाकडी खोपट्यांतून बसलेली मुलं हळू आवाजात आपापले उद्योग करत असत. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, त्यामुळे शेजारच्या दोन खोपट्यांतला उजेड गेला. मी इंग्रजीत वाचत होते आणि पुटपुटत मराठीत सांगत होते. मांजराचे केस असे ठिकठिकाणी जाण्याची कारणं बरीच निघाली. बुरशी, म्हणजे काकींचा नायटा. पिसवा. खरजेचे किडे. खाण्यातलं काहीतरी न मानवणं. दुखणाऱ्या जागी सारखं चाटणं. आणि मनाचा त्रास. प्रत्येक कारणाला काका मोठ्याने “व्हय, हेच” म्हणत होते. मनाच्या त्रासाला मात्र ते पडद्यापर्यंत वाकले. मग अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरगी गेल्यापासनं झुरतीया ती.” लाज वाटावी असा तो प्रसंग होता. पण खरं सांगायचं तर मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी शोधून काढलेल्या गोष्टीवर कुणीतरी इतकं पेटून उठलं होतं.

मग आमच्या गल्लीने जे दिवस पाहिले ते विसरता येत नाहीत. खाण्यातला दोष म्हणून मासे बंद झाले, आणि स्वीटीने आमच्या ओट्यावरचं बांगड्याचं डोकं पळवलं. मनाचा त्रास म्हणून काकांनी पुण्याला फोन लावला आणि रिसीव्हर मांजराच्या कानाला धरला. शुभा पलीकडून तिला हाका मारत होती, हे मलाही ऐकू येत होतं. स्वीटीने रिसीव्हर हुंगला, वायरीला एक पंजा मारला आणि ती पलंगाखाली गेली. “कान हललं,” काका फोनमध्ये ओरडले, “वळखला गं तुझा आवाज.” शुभाला त्यांनी केसांबद्दल मात्र काही सांगितलं नाही. दिवस गेलेल्या पोरीला काळजी नको, हे एक कारण. दुसरं ते बोलले नाहीत, पण दिलेलं मांजर टक्कल पडलेलं परत दाखवायचं हे त्यांना सोसणार नव्हतं.

आणि मग आली माती. तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू जिरवलेलं असतं, आणि ती अंगाला लागली की कातडीचा कुठलाही रोग टिकत नाही, यावर अख्ख्या पेठेची श्रद्धा आहे. माझ्या भावाचं घामोळं, पोस्टमनच्या टाचांच्या भेगा आणि एका पठ्ठ्याचे लग्नाआधीचे मुरूम याच मातीने घालवल्याचं काका सांगत. मांजरासाठी त्यांनी खास लेप बनवला. लिंबाच्या वासाने ती फिस्कारली म्हणून लिंबू गेलं. तेलाने केस चिकटले म्हणून तेल गेलं. ताक वाढवलं, आणि नाजूक कातडी म्हणून वर घरचं लोणी. सकाळ-संध्याकाळ दारात पाट टाकून ते तिला मालिश करायचे, आणि मालिश संपली रे संपली की स्वीटी आपली पाठ, पोट, मांड्या भान हरपून चाटायला लागायची. काकांना गहिवरून यायचं. “बघितलंस? आता सोताच मालिश करून घेतीया. खरा पैलवान असाच घडतो.” मी बघत होते. मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. टकलाचे तुकडे मात्र एकमेकांना भेटायला निघाले होते.

शुभा यायला थोडेच दिवस उरले तेव्हा काकींनी कागलला निरोप धाडला. त्या सकाळी काका पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले: जनावरांच्या डॉक्टरकडे जायचंय, इंग्रजीत काय बोलला तर समजायला तू चल. मी मागे बसले, पिशवी पोटाशी धरली, आणि काकांनी स्कूटर अशी हाणली की स्वीटीने आणि मी एकदमच डोळे मिटले.

डॉक्टर तरुण होते आणि स्वच्छ मराठीत बोलले. त्यांनी खोलीत अंधार करून एक निळसर दिवा तिच्या अंगावर धरला आणि नायटा दिसत नसल्याचं सांगितलं. मग बारीक फणीने केस विंचरले, फणीतली काळी कणी ओल्या कापसावर ठेवली, आणि कापसावर तांबूस डाग उमटला. पिसवा, ते म्हणाले, हा त्यांच्या विष्ठेतल्या रक्ताचा डाग. सुरुवात पिसवांनी केली. पण मग टकलाच्या कडेचे केस भिंगातून बघत डॉक्टरांनी विचारलं, “हे मुळातून गळलेले नाहीत. तुटलेत. हिने स्वतः चाटून काढलेत. अंगाला काही लावता का?”

गल्ली हादरवणारा तो माणूस टेबलाची कड अंगठ्याने घासत राहिला. शेवटी मलाच बोलावं लागलं. मी म्हणाले, “माती. ताकातली. आणि लोणी. सकाळ-संध्याकाळ.”

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. “पैलवान, मांजराला दोन वेळा लोणी माखता, आणि मग चाटू नको म्हणता होय?”

मला हसू आवरेना. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मांजराकडे पाहिलं, आणि मग तेही असे हसले की बाहेर बांधलेली म्हैस हंबरली. मानेवर घालायचे थेंब मिळाले, अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात धुवायला सांगितलं. आणि बाकी काय करायचं, असं काकांनी उत्साहाने विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, काहीच नाही. हात लावू नका. केस आपले आपण येतील.

काहीच न करणं हा डाव काकांना कुणी शिकवला नव्हता. कागलच्या पाहुण्यांना त्यांनी कसंबसं थोपवलं, काकींकडून शुभा येईपर्यंतची मुदत मिळवली, आणि पाटावर बसून हात मांड्यांखाली दाबून ते मांजराकडे बघत राहत. रोज सकाळी मला समोरून हाक यायची. मी जाऊन वाकून बघायचे. एक दिवस त्या गुलाबी कातडीवर खरोखरच धूसर लव दिसली. मी “आले” म्हणाले, बहुधा ओरडलेच, कारण आमची आई हातात पोळपाट घेऊन बाहेर आली. काकींनी पदराला हात पुसले, मांजराच्या पाठीवर उलटी बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. “ऱ्हाऊ दे मग,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. काकांनी त्या दिवशी अख्ख्या तालमीला दूध पाजलं.

शुभा आली. रिक्षातून सांभाळून उतरली, ओवाळून घेतलं, आणि पोटावर हात ठेवून उंबऱ्यावरच टेकली. “स्वीटी, ये,” ती म्हणाली. मांजर आलं. तिच्या बांगड्या हुंगल्या, साडीचा काठ हुंगला, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग वळून काकांच्या मांडीवर जाऊन बसलं.

काकांचे दोन्ही हात हवेतच राहिले. “नवं केस आल्यात न्हवं तिला,” ते घाईने म्हणाले, “म्हणून वळख पटंना झालीया.”

“केस तिला नवे आलेत पप्पा,” शुभा हसत म्हणाली, “मला नाही.” पण हसता हसता तिने मान दुसरीकडे वळवली.

काकांनी मांजर उचलून तिच्या शेजारी ठेवलं, तालमीत काम आहे म्हणाले, आणि सरळ आमच्या घरी आले. मागून मांजर येत नाही ना ते बघून दार लोटून घेतलं. मी चहा दिला तो त्यांनी हातातच धरला आणि समोरच्या घराकडे कान लावून बसले. तिकडून शुभाचं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं, आणि मग तिचं हळूच हसणं.

“बसली म्हणायची मांडीवर,” काका म्हणाले. मला वाटलं, आता ते उठतील. पण ते तसेच बसून राहिले, आणि मीही दार उघडलं नाही.