येणाऱ्याची कुंची

गाडी हलली तवा आई, तू खिडकीचा गज धरून संगं पळत हुतीस आन एकच म्हनत हुतीस, "पोरी, आगमनकाळ पाळ गं, तिकडं गेलीस म्हनून सोडू नगंस." रुथी तान्ही, माज्या पदराखाली. ह्ये पुढं बघत बसलेले, पिंपरीच्या नव्या कारखान्यात चिकटले हुते न्हवं, मागं कशाला बघतील.

आई, आपल्या गावात आगमनकाळात, नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, साऱ्या बाया चर्चात बसून येशूबाळाचा बाळंतविडा शिवायच्या. कुंची, झबली, दुपटं. मग सनाच्या दिवशी ज्याच्या घरी उघडं लेकरू त्याच्या घरी त्यो जायचा, जात न इचारता. तू म्हनायचीस, "येनाऱ्याच्या आधी त्याची ऊब तयार पायजे, हीच प्रीती." तिथं शिवताना कसल्या गप्पा, कसलं हसनं. हितं पिंपरीजवळ आकुर्डीत सा म्हैने झाले तरी मी एकटी. ह्ये शिफ्टला गेले की दाराला कडी. ह्यांनी बजावलेलं, "आपन ख्रिस्ती हाय ते बोलू नगं, खोली जाईल." घरमालकिणीला चहा केला तर साखर किती टाकू ते सुदिक भीत भीत इचारते मी.

तरी कुंची शिवाया घेतली. लाल खणाची. परवा उनाला दारात बसले आन घरमालकीण मावशी समोर हुबी ऱ्हायली. तिची लेक हिरा बाळंतपनाला आलीया. आधीची दोन पोटातच गेली तिची.

"कुनासाठी गं?" मावशी म्हनली. "तुजी तर मोठी झाली."

मी कुंची पदराखाली सारली.

"हिराच्यासाठी शिवतीस? जन्माच्या आधी? अगं, असं कुनी करतं व्हय! माज्या लेकीच्या वाईटावर टपलीस?" तिचा आवाज फाटला. "कारखान्यातली मानसं, कुठनं आली, काय करत्यात, देव जानं. आजच्या आज सामान काढ!"

मग मी सांगितलंच. रडत, एका दमात. आमी ख्रिस्ती हाय, ही हिराची न्हाई, आमचा देव बाळ हून येतो, त्याची हाय.

मावशीनं कुंची उचलून उलटीसुलटी बघितली. मग म्हनली, "दर सालाला येतो?"

"व्हय."

"आन सुखरूप येतो?"

मला हसू का रडू कळंना. मी मान हलवली. हिरा उंबऱ्यावर पोट धरून हुबी, डोळं एवढाले. तिच्याकडं बघितलं आन आई, मी सुई काढून घेतली. कुंची अर्धीच घडी करून पेटीच्या तळाला घातली. आपल्यात आधी शिवनं ही प्रीती, हितं न शिवनं. त्यो समजून घेईल, गोठ्यात बाळंत झाली तवा त्याच्या आईला तरी कुठं काय तयार मिळालं हुतं. मावशीनं सामान काढ म्हनलेलं मागं घेतलं न्हाई, पर परत म्हनलीबी न्हाई. ह्यांना मी अजून सांगितलं न्हाई.

आन आज सकाळी दार वाजलं. मावशी. क्यास सुटलेले. "हिराला कळा लागल्यात. पळ, सुइनीला आन. आन हे बघ, तुज्या देवाला सांग, त्यो दरसाल येतोच की, औंदा जरा दम धर म्हनावं. आमचं आधी येऊ दे."

रुथीला काखंत मारून पळाले. वाटंत पंक्चरवाले चाचा वरडले, "ओ भाभी, कुणाकडं गडबड?"

"आमच्या घरी!" मी म्हनले.

दोन पावलं गेल्यावर मलाच कळलं काय म्हनले ते.

आता सुईन आत हाय. मला भाईर पानी तापवाया बसवलंय. सुई हातात घ्यायची न्हाई म्हनून पेन्सिल घेतलीया आन तुला ही चिठ्ठी लिवतीया. आतनं हिराचा आवाज येतो, मग मावशीचा, मग काहीच न्हाई. ह्ये शिफ्टवरनं आले की खोलीचं काय झालं ते सांगावं लागंल. मला खोलीचं सुचतच न्हाई, आई. आमच्या घरी बाळ यायचंय आन त्यानं अजून आवाज दिला न्हाई.